एक जुना हेडफोन आणि दोन कान



मागच्या वेळी आपण जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता. मूळ रूपात आणायचं म्हणजे नेमकं कोणत्या काळच्या रूपात आणायचं? बांधलं तेव्हाच्या, की वापरलं तेव्हाच्या? त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिलं ते पुस्तकी होतं आणि ते आमचं आम्हालाच पटलेलं नव्हतं. मधल्या काळात घरातल्या एका लहानशा दुरुस्तीने त्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर दिलं, आणि एक धडाही दिला. म्हणून आज देवळाबद्दल बोलायचं नाही. आज एका जुन्या, कुणीतरी आतून बदललेल्या हेडफोनबद्दल बोलायचं आहे. (श्रोत्यांत हशा) हसा, पण हा विषय दिसतो तेवढा लहान नाही.

आधी हकीकत सांगतो. या व्याख्यानमालेतली जुनी व्याख्यानं कॅसेटवर आहेत. ती संगणकात उतरवून घेतली आणि ऐकून लिहून काढायचं काम आमच्याकडे आलं. संगणकाच्या छोट्या स्पीकरवर शब्द नीट कळेनात. म्हणून नागपूरला एका जुन्या सामानाच्या दुकानातून मोठ्या वाट्यांचा, कान पूर्ण झाकणारा एक हेडफोन तीनशे रुपयांत आणला. घरी आल्यावर दोन तक्रारी लक्षात आल्या. वायर हलली की डावी बाजू बंद पडायची, आणि उजवी बाजू चालू असूनही फार बारीक ऐकू यायची.

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक म्हणून काम केलेले एक स्नेही शेजारीच राहतात. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. ते अजूनही आम्हाला सर म्हणतात. यवतमाळचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे दुपारी बाहेर पडायचा प्रश्न नव्हता. आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो. मल्टिमीटर, सोल्डरिंगचं यंत्र, बारीक पेचकस आणि स्क्रू ठेवायला एक वाटी, एवढंच सामान.

डावीकडचा दोष पहिल्या दहा मिनिटांत सापडला. वाटीत शिरते तिथे वायर आतल्या आत तुटली होती. बाहेरचं प्लास्टिक शाबूत आणि आत तांब्याचे केस तुटलेले, हा या वस्तूंचा नेहमीचा आजार. रोज वाकते तिथेच वायर तुटते. नवी वायर घ्यायची ठरली. उजवी वाटी उघडली तेव्हा मात्र आम्ही थबकलो. आत कापूस होता. सरकीचा, घरगुती, पिवळट पडलेला. तो हाताने पिंजून भरलेला होता. आणि स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत मध्येच एक रेझिस्टन्स जोडलेला होता. त्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी. म्हणजे शंभर ओहम. डाव्या वाटीतही कापूस होता, पण रेझिस्टन्स नव्हता. पिन बघितली तर तीही कारखान्यातली नव्हती. दोन कानांच्या हेडफोनला तीन भागांची पिन असते. इथे दोन भागांची, एकेरी पिन लावलेली होती आणि दोन्ही बाजूंच्या तारा तिच्यात एकत्र केल्या होत्या.

मीटर लावलं. डावी बाजू बत्तीस ओहम, उजवी एकशे एकतीस. आम्ही लगेच निकाल दिला की कुणीतरी अर्धवट माहितीच्या माणसाने हा हेडफोन बिघडवून ठेवलाय. रेझिस्टन्स काढला. नवी वायर, नवी तीन भागांची पिन लावली. कापूस कचऱ्यात टाकायला निघालो तेव्हा भाऊ म्हणाले, "असू द्या जी सर. काहून फेकता? कोणी उगाच भरला नसन." त्यांनी तो एका डबीत ठेवला. रेझिस्टन्सही त्याच डबीत गेला. आज आपण हे व्याख्यान करू शकतो ते त्या डबीमुळे.

आता ही डबी इथेच बाजूला ठेवू आणि थोडं मागे जाऊ. कारण आपण वस्तू "बिघडवली" म्हणतो तेव्हा ती मुळात कुणासाठी आणि कशी बनली, हे आपल्याला माहीत असतं असं आपण धरून चालतो. कानाला लावायच्या यंत्रांचा इतिहास बघितला तर वेगळंच दिसतं.

टेलिफोनचं पेटंट १८७६ चं, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचं. बेल यांचा मूळ पेशा कोणता? ते बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला जवळपास ऐकू येत नसे. त्यांची पत्नी मेबल हिची श्रवणशक्ती लहानपणी स्कार्लेट फीवरने गेली होती. आवाजाचं विजेत रूपांतर करण्याचा विचार या घरातून आला. पुढे आवाजाची पातळी मोजायचं जे एकक ठरलं त्या डेसिबलमध्येही बेल हेच नाव आहे. फोनोग्राफ बनवणारा एडिसन लहानपणापासून कमी ऐकायचा. यंत्राच्या लाकडाला दात लावून, हाडांतून येणारा कंप तो ऐकायचा. अमेरिकेतल्या युटाह प्रांतातला नॅथॅनिएल बाल्डविन. मोठ्या प्रार्थनागृहात भाषण नीट ऐकू येईना, म्हणून हा माणूस ध्वनी वाढवण्याच्या प्रयोगांत शिरला. १९१० च्या सुमाराला त्याने स्वतः बनवलेले, डोक्यावर बसणारे दोन श्रवणयंत्रांचे जोड अमेरिकी नौदलाकडे पाठवले. नौदलाला ते फार आवडले आणि त्यांनी मागणी नोंदवली. बाल्डविन तेव्हा ते घरच्या स्वयंपाकघरात बनवत होता आणि एका वेळी दहापेक्षा जास्त देऊ शकत नव्हता. आज आपण ज्याला हेडफोन म्हणतो त्याचा हा पहिला यशस्वी अवतार. तो कारखान्यातून आला नाही. एका माणसाला नीट ऐकू येत नव्हतं, त्या अडचणीतून तो आला.

म्हणजे बघा. बेल यांच्या घरात बहिरेपण, एडिसन स्वतः कमी ऐकणारा, आणि बाल्डविनला भाषण ऐकू येईना. ऐकण्याच्या यंत्रांचा इतिहास पुष्कळसा कमी ऐकू येणाऱ्यांनी घडवला आहे. सगळं चांगलं ऐकू येणाऱ्यांना या यंत्रांची सुरुवातीला तेवढी गरजच नव्हती.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हेच बेल बहिऱ्या मुलांना खुणांची भाषा शिकवण्याच्या विरोधात होते. त्यांनी ओठ वाचून बोलायला शिकावं, ऐकणाऱ्या समाजासारखं व्हावं, असा त्यांचा आग्रह होता. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिने शाळांमधून खुणांच्या भाषेऐवजी बोलण्याचीच पद्धत स्वीकारावी असा ठराव केला. त्याचे परिणाम पुढच्या कित्येक पिढ्यांनी भोगले. एक प्रमाण ठरवायचं, त्याला मूळ किंवा नैसर्गिक म्हणायचं, आणि वेगळं असलेल्याला दुरुस्त करायला घ्यायचं, ही ती वृत्ती. आम्ही टेबलावर बसून त्या हेडफोनच्या बाबतीत हेच केलं होतं. वस्तू लहान होती, एवढाच फरक.

दोन कानांचाही एक वेगळा इतिहास आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ओळीने मायक्रोफोन लावले आणि तारेने आवाज प्रदर्शनात आणला. ऐकणाऱ्याने दोन रिसीव्हर हातात धरून दोन कानांना लावायचे. दोन्हींत वेगवेगळ्या मायक्रोफोनचा आवाज. लोकांना गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे जातोय हे डोळे मिटून कळायला लागलं. स्टिरिओ ज्याला म्हणतो त्याची ही सुरुवात. पण त्यात एक गोष्ट गृहीत होती. ऐकणाऱ्याचे दोन्ही कान सारखे आहेत हे ते गृहीत.

आपल्याकडे काय झालं? मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ च्या जूनमध्ये प्रक्षेपण सुरू केलं. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्‌घाटनाला होते. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा. त्या काळात स्वस्तात रेडिओ ऐकायचा म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी, ना वीज. शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, छपरावर लांब एरियल आणि कानाला हेडफोन. असा खडा वापरून लहरी पकडायचं अमेरिकी पेटंट १९०४ साली जगदीशचंद्र बोस यांना मिळालं होतं. या सेटमध्ये आवाज वाढवायला काहीच नसतं. हवेतून जेवढी ऊर्जा आली तेवढ्यावरच हेडफोनचा पडदा हलायचा. म्हणून केंद्राच्या जवळ राहणाऱ्यांचंच ते भाग्य.

मुंबईपासून सहाशे किलोमीटरहून दूर असलेल्या आमच्या यवतमाळला त्याचा काय उपयोग? इथे रेडिओ आला तो व्हॉल्व्हच्या मोठ्या पेट्यांतून. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैमध्ये सुरू झालं तेव्हा आपल्या भागाला जवळचा आवाज मिळाला. पुढे ट्रान्झिस्टर आला. तोवर ऐकणं सामुदायिक होतं. चावडीवर, हॉटेलात, एखाद्या सावकाराच्या ओसरीवर एक पेटी आणि भोवती वीस माणसं. १९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं सुरू केली. तीही अशीच, रेडिओभोवती बसून ऐकायचं आणि मग चर्चा करायची. आमच्या लहानपणी बातम्यांच्या वेळी ज्यांना कमी ऐकू यायचं ती मंडळी पेटीला खेटून बसायची. त्यांना कुणी उठवत नसे. ती त्या काळची सोय. एकच आवाज सगळ्यांसाठी, आणि ज्याला जसं जमेल तसं त्याने जवळ सरकायचं.

हेडफोनने हे उलटं केलं. १९५८ साली अमेरिकेत मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी तीन इंची स्पीकर प्लास्टिकच्या वाट्यांत बसवून संगीतासाठीचा स्टिरिओ हेडफोन आणला. तोही एका अर्थाने जोडजमवच. स्पीकर दुसऱ्या कामाचे, ते उचलून कानावर आणले. १ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला. पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन जागा होत्या आणि एक बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि मायक्रोफोनमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. एकट्याने ऐकणं लोकांना उद्धट वाटेल अशी बनवणाऱ्यांनाच भीती होती. ती लवकरच ओसरली आणि दोन्ही सोयी पुढच्या यंत्रांतून गेल्या. ओसरीवरचा रेडिओ आता एका माणसाच्या कानावर आला. आणि एका माणसाच्या कानावर आला म्हटल्यावर, तो कान कसा आहे हा प्रश्न प्रथमच महत्त्वाचा झाला. वीस माणसांच्या पेटीत एका माणसासाठी कोण बदल करणार? स्वतःच्या हेडफोनमध्ये मात्र करता येतो.

आता डबीकडे परत येऊ.

दुरुस्ती झाली, हेडफोन कानाला लावला. डावी बाजू छान. उजवी पूर्वीपेक्षा बरी, पण अजूनही बारीक. आणि सगळा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमणारा. भाऊंनी परत मीटर लावलं. डावी बत्तीस, उजवी एकतीस. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. त्यांनी स्वतः लावून पाहिला. म्हणाले, "बरोबर आहे जी. दोन्हीकून सारखा येते." आम्ही म्हटलं, शक्य नाही. मग त्यांनी प्रयोगशाळेतली सवय वापरली. हेडफोन आमच्या डोक्यावर उलटा बसवला. उजवी वाटी डाव्या कानावर, डावी उजव्यावर. दोष हेडफोनात असता तर बारीक आवाज आता डावीकडे यायला हवा होता. तो उजवीकडेच राहिला.

भाऊ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, मशीन झालं तपासून. आता कान दाखवा."

आम्हाला एका कानाने कमी ऐकू येतं हे अशा रीतीने कळलं. घरी वर्षभर बायको सांगत होती की तुम्ही ऐकत नाही. आम्ही समजत होतो की ती नवऱ्यांबद्दलची नेहमीची तक्रार आहे. (हशा) कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख काढला. त्यात उजव्या कानाची रेघ डाव्यापेक्षा खाली होती, बारीक म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांत जास्तच. स, श, फ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. तुमच्यापैकी ज्यांचं वय आमच्यासारखं आहे त्यांना एवढंच सांगतो की दोन कानांत फरक वाटला तर तपासून घ्या. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी दाखवा, वाट बघू नका.

त्या संध्याकाळी डबी उघडली तेव्हा आतला रेझिस्टन्स वेगळा दिसायला लागला. शंभर ओहम उजवीकडे. स्पीकर बत्तीसचा. म्हणजे उजव्या स्पीकरला मिळणारा दाब साधारण एक चतुर्थांश व्हायचा, आवाज बारा डेसिबलने कमी. हे काम कुणी मुद्दाम, हिशेबाने केलं होतं. कशासाठी? नैयायिक म्हणतात, धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं म्हणायचं तर धूर आणि अग्नी यांची व्याप्ती आधी माहीत हवी, आणि दुसरी कारणं तपासून वगळायला हवीत. म्हणून आम्ही दुसरी कारणं तपासली. दोन स्पीकर असमान असते तर तोल साधायला रेझिस्टन्स लावला असेल. पण ते समान निघाले. चुकून लावला म्हणावं, तर जोड साफ होता आणि त्यावर प्लास्टिकची नळी चढवलेली होती. ज्या तारेवर वार्निश असतं ती आधी खरवडून मग डाख द्यावा लागतो. तेही नीट केलेलं होतं. अर्धवट माणसाचं काम नव्हतं ते. मग उरलं एकच. ज्याचा डावा कान अधू आहे त्याने आवाज मोठा ठेवावा, आणि चांगल्या उजव्या कानाला तो सहन व्हावा म्हणून उजवी बाजू हळू करावी.

एकेरी पिनही आता बोलायला लागली. हा हेडफोन एका स्पीकरच्या रेडिओला किंवा टेपरेकॉर्डरला लावलेला होता. आणि कापूस? बंद वाटीत हवा अडकते आणि मागच्या भिंतीवर आपटून घुमते. कापसाच्या तंतूंमधून जाताना त्या हवेची ऊर्जा घर्षणात जिरते, घुमणं कमी होतं आणि माणसाचं बोलणं स्वच्छ होतं. कापूस परत भरला तेव्हा मडकं गेलं. आपण यवतमाळकर कापसाबद्दल इतकं बोलतो, त्याचा भाव, त्याची बोंडअळी, त्याचं कर्ज. तो आवाजही स्वच्छ करतो हे आम्हाला सत्तरीत कळलं.

मग "मूळ" कशाला म्हणायचं? मिलिंदप्रश्नात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक रथ आहे का? आस रथ आहे का? यांपैकी एकही रथ नाही, मग रथ कुठे आहे? हा संवाद महाराष्ट्राला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव आहे आणि त्या परिसराला नागसेनाचं. ग्रीकांमध्ये थिसियसच्या जहाजाची गोष्ट आहे. एकेक फळी बदलत गेली, शेवटी सगळ्याच बदलल्या, तर जहाज तेच का? न्याय-वैशेषिकांचं उत्तर कडक आहे. एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट झाला आणि नवा उत्पन्न झाला. त्यांच्या हिशेबाने आम्ही रेझिस्टन्स काढला त्या क्षणी एक हेडफोन संपला होता.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. पूर्वी यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आपली शकुंतला. कापूस वाहून न्यायला घातलेली नॅरोगेज लाइन. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. सत्तर वर्षं. एवढ्या काळात त्या इंजिनाच्या किती नळ्या, किती पट्ट्या बदलल्या असतील? मग इंजिनच बदललं, डिझेल आलं. पण स्टेशनवर कुणी असं म्हटलं नाही की ही शकुंतला नव्हे. कारण लोकांसाठी शकुंतला म्हणजे ते इंजिन नव्हतं. ती कुणाला कुठून कुठे न्यायची, यात तिची ओळख होती.

हेडफोनचंही तसंच आहे, असं आता आम्हाला वाटतं. न्याय-वैशेषिकांनीच श्रवणाबद्दल एक सुंदर कल्पना मांडली आहे. आकाश सगळीकडे एकच आहे. कानाच्या पोकळीने त्याचा जो भाग वेगळा झाला, तोच श्रोत्रेंद्रिय. शब्द लाटेमागून लाट उठत तिथवर येतो. म्हणजे ज्याच्या त्याच्या कानाच्या पोकळीत मावलेलं आकाश ज्याचं त्याला. आजचं शास्त्र हे वेगळ्या भाषेत सांगेल, पण त्यातली एक गोष्ट खरी उरते. ऐकणं "सर्वसाधारण" कानात कधीच घडत नाही, ते कुणाच्या तरी कानात घडतं. कारखान्यातून निघालेला हेडफोन सरासरी कानासाठी असतो. तसा कान प्रत्यक्षात कुणालाच नसतो. ज्या अनोळखी माणसाने आत शंभर ओहम लावले, त्याने त्या वस्तूला पहिल्यांदा एका खऱ्या कानाशी जोडलं. आम्ही तिला "मूळ रूपात" आणलं म्हणजे तिच्यातून तो माणूस पुसला.

याचा अर्थ झालेला प्रत्येक बदल राखावा असा नाही. तुटलेली वायर इतिहास म्हणून जपायची नसते. एकेरी पिनही आम्ही परत लावली नाही. संगणकाच्या दुहेरी जागेत ती घातली की उजव्या बाजूचा आवाज थेट जमिनीच्या तारेला जोडला जातो आणि यंत्राला ते बरं नव्हे. फरक कशाने करायचा? बदल कशासाठी होता ते आधी कळलं पाहिजे. ते कळल्यावर काढायचा असेल तर काढावा. आमची चूक काढण्यात नव्हती, कळण्याआधी काढण्यात होती. जीर्णोद्धारातही हेच. चारशे वर्षांपूर्वीच्या देवळाला शंभर वर्षांपूर्वी कुणी एक ओबडधोबड पायरी जोडली असेल. ती शैलीत बसत नाही म्हणून उखडण्याआधी विचारावं, ती पायरी कुणाच्या गुडघ्यांसाठी होती?

हल्ली दुरुस्तीच्या हक्काबद्दल बोललं जातं. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस एक पोर्टलही सुरू झालं. कंपन्यांनी माहितीपुस्तिका आणि सुटे भाग द्यावेत ही मागणी योग्यच आहे, आमचा तिला पाठिंबा आहे. पण कंपनीची पुस्तिका वस्तू कारखान्यातून निघाली तेव्हाची हकीकत सांगते. त्यानंतर ती कुणाच्या घरात राहिली, कुणासाठी बदलली, हे तिच्यात नसतं. ते वस्तूच्या आत बघूनच वाचावं लागतं. आणि पुढच्याला वाचता यावं अशी सोय आपण करून ठेवायला हवी.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. तोच रेझिस्टन्स, त्याच उजव्या वाटीत, त्याच जागी परत जोडला. आमचा अधू कान उजवा, त्याचा डावा असावा. म्हणून आम्ही तो हेडफोन उलटा घालतो. मोठा आवाज येणारी डावी वाटी आमच्या उजव्या कानावर. संगणकात हे काम एक खूण सरकवूनही होतं, असं एका विद्यार्थ्याने नंतर दाखवलं. पण जुन्या कॅसेट प्लेअरला ती सोय नाही. आणि खरं सांगायचं तर, तो रेझिस्टन्स डबीत पडून राहावा असं आम्हाला वाटेना. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं आहे, तेही घेणार आहोत. हेडफोन त्याची जागा घेत नाही. तो फक्त लिहिण्याच्या कामापुरता.

वाटी बंद करण्याआधी भाऊंनी कागदाची एक चिठ्ठी मागितली. आम्ही लिहिली, त्यांनी ती घडी करून कापसाच्या मागे ठेवली. पुढे केव्हातरी हा हेडफोन परत जुन्या बाजारात जाईल, कुणीतरी उघडेल. त्याच्यासाठी चार ओळी आहेत: उजवीकडचा रेझिस्टन्स मुद्दाम लावलेला आहे. कापूसही. वायर आणि पिन आम्ही बदलली. काही काढण्याआधी एकदा सुलटा आणि एकदा उलटा घालून बघा, दोष कुठे आहे ते कळेल.

इथेच थांबू. प्रश्न असतील त्यांनी कृपया आमच्या डाव्या बाजूला येऊन विचारावेत.